भिंगरीचं वजन

मी वजनकाटा बोलतोय. आजवर मी फक्त आकडाच बोललो. कुणी अंगावर उभं राहिलं की सुई हलवायची आणि गप्प बसायचं, एवढंच माझं काम. पण आता गप्प बसवत नाही.

कारखान्यात माझ्या पोटात स्प्रिंग बसवणारा कामगार प्रत्येक काट्यावर स्वतः उभा राहून बघायचा. माझ्यावरून उतरताना तो म्हणाला, "हा खरं बोलतो." मला केवढा अभिमान वाटला होता. खरं बोललं की आपलं काम झालं, असंच मी समजत होतो.

मग मी या माध्यमिक शाळेत आलो, आरोग्याच्या सरांच्या ताब्यात. सर भला माणूस. मुलं तासाला पेंगतात, पुस्तकातलं हृदय पाठ करतात आणि विसरून जातात, याचं त्यांना वाईट वाटायचं. त्यांनी नृत्याच्या बाईंना गाठलं आणि दोघांनी मिळून एकच तास सुरू केला. आधी नाचायचं, मग मनगट धरून ठोके बघायचे. घाम का येतो, पोटरीत गोळा का येतो, ते स्वतःच्या अंगावरच शिकायचं. बाई गिरक्या घ्यायला लावायच्या, मुलं धपाधप पडायची आणि सर विचारायचे, "आता सांगा, ही चक्कर आली कुठून?" सगळा वर्ग लोळून हसायचा. तास खरंच छान होता.

पुढे सरांनी मला कोपऱ्यातून मधे आणलं. नाचानं शरीर कसं बदलतं ते मुलांना दिसावं, म्हणून दर सोमवारी वजन. आकडा ते मोठ्यानं वाचायचे.

"सर, मनात वाचलंत तर नाही का चालणार?" बाई एकदा म्हणाल्या.

"अहो, त्यात लपवायचं काय? आरोग्याचाच तर तास आहे."

बाईंनी विषय सोडून दिला.

वर्गात एक मुलगी होती. गिरकी अशी घ्यायची की सगळे तिला भिंगरीच म्हणायचे. ना जाड ना बारीक, आणि डबा उघडला की सगळ्यांच्या आधी फस्त करणारी. एकदा तापातून उठून आली, तेव्हा वजन उतरलं होतं. सरांनी आकडा वाचला आणि म्हणाले, "वा, भिंगरी. हलकी झालीस. आता बघ उडी कशी जाते ते." आजारी पोरीला काहीतरी बरं वाटेल असं बोलावं, म्हणून बोलले. पुढची मुलगी चढेपर्यंत विसरूनही गेले.

ती विसरली नाही. उतरायचं सोडून क्षणभर तशीच उभी राहिली, ते मला तिच्या तळव्यांतून कळलं.

मग ती मधल्या सुट्टीत एकटी यायला लागली. आधी बूट काढायची, मग केसांतल्या पिना, मग हातातलं कडं. पूर्वी तिचे पाय ऊबदार असायचे. आता फरशीसारखे गार लागायचे.

तिची मैत्रीण एकदा मागोमाग आली. "डबा कुठाय तुझा?"

"घरून खाऊन आले."

"आणि घरी सांगतेस शाळेत खाल्लं. काकू म्हणत होत्या मला."

"तू कधीपासून माझ्या आईची हेर झालीस गं?" भिंगरी हसली. मैत्रीणही हसली, आणि बोलणं तिथंच राहिलं.

तिची आई शिवणकाम करायची. स्नेहसंमेलनाचे पोशाख घेऊन ती शाळेत आली आणि लेकीच्या कमरेशी वाकली. "परवाच तर मापं घेतली होती. माझी टेप चुकली की काय?"

"तूच सैल शिवलंस, आई."

आईनं टाचण्या लावून पोशाख आत घेतला. बाई दारातून बघत होत्या. त्यांच्या कपाळाला आठी पडली, पण तेवढ्यात कुणीतरी हाक मारली आणि त्या गेल्या.

तालमीत भिंगरी गिरकी घेता घेता कोसळली. सगळे हसले. त्या तासाला पडणं म्हणजे गंमतच होती. ती आता उठेल म्हणून वर्ग हसत राहिला. मग एकेकाचं हसू थांबलं. सरांनी गुडघे टेकून तिचं मनगट धरलं. साऱ्या शाळेला नाडी बघायला शिकवणाऱ्या माणसाला नाडी सापडेना. बाईंनी मानेवर हात ठेवला. "आहे. चालू आहे. गाडी बोलवा."

ती कित्येक महिने दवाखान्यात होती. सरांनी मला स्वतःच्या हातानं उचलून सामानाच्या खोलीत, जुन्या पडद्यांमागे ठेवलं. त्यानंतर तासाला कुणाचं वजन झालं नाही.

भिंगरी परत आली. आई रोज डबा पोचवते, रिकामा डबा बघून समाधानानं घरी जाते. बाई तिला पुन्हा पुढच्या रांगेत उभी करतात. सगळे म्हणतात, पोरगी सावरली.

पण ती सतरंज्या आणायला म्हणून या खोलीत येते आणि कडी लावते. पहिल्यांदा तिनं पडदे बाजूला केले आणि माझ्यावर एकच पाऊल ठेवलं. बाहेरून मैत्रिणीनं विचारलं, "सापडल्या का गं?" तिनं उत्तर दिलं नाही. आता दोन्ही पावलं ठेवते. निघताना पडदे पहिल्यासारखे नीट ओढून घेते.

मी खोटं बोलू शकत नाही, आणि तुमच्याशी याहून मोठ्यानंही बोलू शकत नाही. शाळेत कुठं असं बंद दार दिसलं, तर थांबा. आत कोण आहे, विचारा. उत्तर आलं नाही तरी दारातून हलू नका.

सुई पुन्हा मागे सरकायला लागली आहे.