बॅटरीचा कोट

आमच्या घरात कुठलीही वस्तू उघडी राहत नाही. फ्रिजला झालर आहे, मिक्सरला टोपी आहे, गॅसच्या सिलिंडरला नाडीचा झगा आहे आणि टीव्हीच्या रिमोटला बटणाचा खिसा आहे. शिंप्याच्या घरात कापडाचा तुकडा फुकट जाता कामा नये, हा माझ्या सासऱ्यांचा नियम. सगळी गल्ली त्यांना मास्तर म्हणते. मी लग्न होऊन आले तेव्हा सगळीकडे बघतच राहिले, तर म्हणाले, "घाबरू नकोस, तुला अभ्रा घालणार नाही." त्या दिवसापासून आमचं जमलं.

आयुष्यभर कापडाची धूळ नाकात गेल्याने मास्तरांची छाती आता साथ देत नाही. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं मशीन असतं आणि त्याची नळी दिवसभर नाकाला. उन्हाळ्यात आमच्याकडे भर दुपारी लाइट जाते. छतावर सोलरचे पॅनल आहेत, पण लाइट गेली की तेही गप्प बसायचे. बॅटरीशिवाय ते एकटे चालत नाहीत, हे आम्हाला पॅनल बसवल्यावर कळलं. मग घाईघाईने छोटा सिलिंडर जोडायचा आणि तो संपायच्या आत लाइट यावी म्हणून डोळे दिव्याकडे लावून बसायचं. नाकी नऊ यायचे.

शेवटी बॅटरी घेतली. दुकानाची शिलाई आता मी करते; तिच्यासाठी कापडाच्या कडा शिवायची नवी ओव्हरलॉक मशीन घ्यायची म्हणून बाजूला ठेवलेले पैसे बॅटरीत गेले. माझ्या हिशेबात सांगायचं तर दोन उन्हाळ्यांच्या शाळेच्या गणवेशांची कमाई मी भिंतीला टांगली. मला वाईट वाटलं, खोटं कशाला बोलू? पण लाइट गेली तरी मशीन घरघरतच राहिलं, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला आणि ओव्हरलॉकचं नाव मी काढलं नाही.

नणंदेला मात्र भरवसा नव्हता. ती मोठ्या शहरात उंच इमारतीत राहते, तिथे लाइट जात नाही. ती म्हणाली, "उन्हाळाभर बॅटरी नीट चालली तर ठीक. नाहीतर बाबांना मी घेऊन जाणार." तिच्या मनात खोट नव्हती, बापाच्या काळजीने ती झुरत होती. पण मास्तरांना जायचं नव्हतं. "तिच्या खिडकीतून नुसतं आकाश दिसतं," ते मला म्हणाले. "आकाशाचं काय माप घेऊ?"

उन्हाळा तापायला लागला तसा मास्तरांनी एक दिवस मापाची टेप मागितली. आजारी पडल्यापासून त्यांनी सुईला हात लावला नव्हता. बसल्या बसल्या, दम खात खात, त्यांनी बॅटरीला कव्हर शिवलं. बाहेरून कोटाचं जाड कापड, आत अस्तर, मध्ये कापूस. कडेने पायपिंग, खाली इलॅस्टिक, आणि आकडे दिसावेत म्हणून छातीवर पारदर्शक प्लॅस्टिकची खिडकी. काज तर असे की बघत राहावं. "एवढी महागाची वस्तू, धूळ नको लागायला," ते म्हणाले. घरी येणाऱ्या प्रत्येकाला आम्ही ते कव्हर दाखवायचो. बॅटरी आतमध्ये आहे, हे नंतर सांगायचो.

आणि मग बॅटरी दगा द्यायला लागली. दुपार अर्धी झाली की बंद. खिडकीत लाल थर्मामीटरचं चित्र दिसायचं. आम्हाला वाटलं, बाहेर ऊन किती आहे ते सांगतेय. नवरा तर कौतुकाने म्हणाला, "हवामानाचा अंदाजपण देते बघ."

एकदा फोनवर बोलताना बंद पडलेल्या मशीनचा बीप-बीप नणंदेने ऐकला आणि विषय संपला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती गाडी घेऊन दारात हजर. ऊन चढेपर्यंत मास्तरांची बॅग तिने स्वतः भरली. मास्तर भिंतीकडे तोंड करून पडून राहिले. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, आणि राग काढायला ती बॅटरीच तेवढी समोर होती.

"परत करून टाकू," मी नवऱ्याला म्हणाले. "दुकानदाराला फोटो पाठवा."

"कव्हरसकट नको, नंबर दिसायला हवा."

म्हणून मी बटणं काढली आणि कव्हरखाली हात घातला. चटका बसला म्हणणार नाही, पण इस्त्री बंद करून थोडा वेळ झाला की तिचा तवा जसा लागतो, तशी ती लागली. कापूस आतून ओलसर गरम होता. दोन्ही कडांना बारीक जाळी होती, वारा आतबाहेर जायला. ती जाळी आम्ही अस्तर लावून बंद केली होती.

मी नवऱ्याकडे बघितलं, नवऱ्याने माझ्याकडे. "बोलायचं नाही," तो हळूच म्हणाला. "त्यांनी किती दिवस खपून शिवलंय."

मी कव्हर घडी करून खुर्चीवर ठेवलं, टेबलफॅन ओढून बॅटरीसमोर लावला आणि नणंदेला म्हणाले, "ताई, जेवून निघा. बाबांना उपाशी नेणार का?" स्वयंपाकाला मी मुद्दाम वेळ लावला. भाजी एवढी बारीक कधी चिरली नसेल. मध्ये मध्ये जाऊन बघत होते. लालचं पिवळं झालं. आम्ही जेवायला बसलो तोवर चित्रच गेलं.

आणि लाइट गेली. नणंद ताटावरून उठून सिलिंडरकडे धावली. मशीन घरघरत होतं. ती तिथेच उभी राहिली, हातात सिलिंडरची चावी. आम्ही पाणी प्यायलो, ताटं उचलली, भांडी झाली, तरी मशीन घरघरतच होतं.

"आज कशी काय चालली?" तिने विचारलं.

मी खुर्चीवरचं कव्हर घाईघाईने काखेत मारलं. मास्तर उठून बसले होते. त्यांनी दारातून उघडी बॅटरी बघितली, समोरचा पंखा बघितला, आणि मग माझी काख. "आण इकडे," ते म्हणाले.

मी कव्हर त्यांच्या मांडीवर ठेवलं. त्यांनी ते उलटं केलं, अस्तरावरून बोट फिरवलं, कापूस चिमटीत धरून बघितला.

"भर उन्हाळ्यात हिला कोट घातला मी," ते म्हणाले. "घेरी येईल नाहीतर काय?"

"बाबा, फिटिंग एकदम बरोबर होतं," मी म्हणाले.

"फिटिंगमध्ये माझी चूक होतच नाही. ऋतू चुकला." आणि ते हसले. हसता हसता दम लागला, नणंद पाठ चोळायला लागली, तरी त्यांचं हसू थांबेना. मग आम्हीही हसलो. इतक्या दिवसांचं सगळं त्या हसण्यातून निघून गेलं.

दम बसल्यावर ते कामाला लागले. बॅटरीची भिंत पश्चिमेची, संध्याकाळपर्यंत तापते. "आतून उघडी ठेवायची आणि बाहेरून भिंतीला सावली द्यायची," ते म्हणाले. "पांढरं जाड कापड, दोन्ही टोकांना काठी, भिंतीपासून हातभर लांब. वारा खेळला पाहिजे." मग मला म्हणाले, "हे उसवून ठेव. कापूस चांगला आहे, उशीला होईल."

"पण दरवर्षी अशीच तापली तर?" नणंद म्हणाली.

"तर दरवर्षी नवी सावली शिवीन. दुकानदार म्हणाला, नीट सांभाळली तर ही पुष्कळ वर्षं चालेल. हिच्यासाठी तरी मला टिकायला हवं." त्यांनी हात पुढे केला. "टेप कुठे आहे माझी?"

टेप बॅगेत होती, अगदी तळाशी. नणंदेनेच ती तिथे ठेवली होती. तिने बॅग पलंगावर घेतली, चेन उघडली आणि एकेक शर्ट बाहेर काढायला लागली. टेप सापडली, ती तिने बापाच्या हातात दिली. बॅगेत अजून दोन पायजमे आणि टॉवेल उरले होते. तेही तिने काढले, कपाट उघडलं आणि सगळे कपडे होते तसे परत लावून ठेवले.