जोड्यांचा आतला अर्थ

थोरला भाऊ घड्याळं दुरुस्त करायचा आणि धाकटा दर शुक्रवारी मशिदीत कुरआनचा अर्थ समजावून सांगायचा. तफसीर, म्हणजे आयतींचा अर्थ लावण्याचं शास्त्र, रीतसर शिकून आला होता तो धाकटा. पण बोभाटा झाला थोरल्याचा! गिऱ्हाइकाच्या घड्याळात सेल घालता घालता हा बाबा सांगायचा की, आगीजवळ गेलेल्या पैगंबर मूसांना अल्लाहने जोडे काढायला सांगितलं, ते जोडे म्हणजे दोन जगं. हे जग सोड, स्वर्गाची हावही सोड, मग पुढे ये.

मशिदीच्या अध्यक्षांचा पारा चढला.

"जागा पवित्र, म्हणून जोडे काढायचे. सगळ्या मोठ्या तफसिरी हेच सांगतात," ते धाकट्याला म्हणाले. "उद्या तुमचे भाऊ म्हणतील, नमाज म्हणजे नुसता विचार! शुक्रवारी सगळ्यांसमोर त्यांना गुमराह म्हणा, नाहीतर तुमचा धडा बंद."

धाकटा रडकुंडीला आला. नियम तर त्याला पाठ होता: आतला अर्थ चालतो, फक्त बाहेरचा नाकारायचा नाही. म्हणजे थोरला एक वाक्य बोलला की मिटलं. शिवाय धाकट्याच्या धड्यातलं जे लोकांच्या मनाला भिडायचं, ते बहुतेक या थोरल्याकडूनच उचललेलं असायचं.

"भाईजान, जोडे खरेच जोडे होते, एवढं म्हणा ना!"

"नव्हते असं मी कधी म्हटलं?"

"मग म्हणायला तुमचं काय जातं?"

"पाची वेळा नमाजाला त्यांच्याच रांगेत उभा राहतो. ते दिसत नाही त्यांना?" डोळ्यावरचं भिंग न काढताच थोरला म्हणाला.

ते भिंग ओढून रस्त्यावर भिरकावावं असं धाकट्याला वाटलं. भाभीने समजावलं, त्याने स्वतः हातापाया पडून पाहिलं, हा ढिम्म. शेवटी तो भर दुकानात ओरडला, "तुमच्या आडमुठेपणापायी उद्या मला माझ्याच भावाला गुमराह म्हणावं लागणार!"

थोरल्याने हातातला पेचकस खाली ठेवला.

शुक्रवारी तो धड्याला आला, उभा राहिला आणि म्हणाला, "जोडे जोडेच होते." अध्यक्ष खूश झाले. धाकट्याचा जीव भांड्यात पडला.

दोन दिवसांनी तो पुढच्या धड्याची आयत घेऊन दुकानात आला. आकाशातून पाणी उतरलं आणि प्रत्येक ओढा आपापल्या मापाने वाहिला, अशी ती आयत. तफसिरी वाचून झाल्या होत्या, तरी धडा कोरडाच वाटत होता.

"भाईजान, इथे पाणी म्हणजे काय हो?"

"पाणी," थोरला म्हणाला.

"आणि ओढे?"

"ओढे."

"अहो, मी विचारतोय! अध्यक्ष नाहीत इथे!"

"तेच सांगतोय," थोरला शांतपणे म्हणाला आणि पुढच्या गिऱ्हाइकाचं घड्याळ हातात घेतलं.