जाळ्याला हात लावू नका

मी जाळं बोलतोय. खाडीत टाकतात ते नव्हे, फुटबॉलच्या गोलपोस्टला मागून बांधतात ते. पण मला विणलं मात्र मासे पकडणाऱ्या हातांनीच, आणि माझा सगळा घोळ तिथूनच सुरू झाला.

शिवराम करावे गावचा. त्याचा बाप खाडीत जाळं टाकायचा, शिवरामही टाकायचा. पुढे नवी मुंबई आली, जमीन गेली आणि त्याला नेरूळच्या एका कॉलेजात शिपायाची नोकरी लागली. चौऱ्याण्णव सालच्या उन्हाळ्याच्या सुट्टीत खेळाचे नंदकुमार सर त्याला म्हणाले, "शिवराम, विकतची जाळी वर्षभरही टिकत नाही रे. तूच का विणत नाहीस?" शिवरामनं ओटीवर बसून नायलॉनच्या दोऱ्याची दोन जाळी विणली. एक मैदानाच्या ऑफिसकडच्या बाजूला गेलं. खाडीकडचा मी.

जाळ्याच्या एकेका भोकाला करावे गावात आस म्हणतात. माझ्या अंगावर अशा हजारो आस, आणि मन लावून पाहिलं तर दुसऱ्या अर्थानंही त्या आसच होत्या. काहीतरी यावं, अडकावं, धडपडावं. जाळं रिकामं राहिलं की घरात चूल गप्प असते, हे शिवरामच्या बोटांतून माझ्या गाठीगाठीत उतरलं होतं.

त्यामुळे पहिल्याच दिवशी मला धक्का बसला. टीमचा कॅप्टन स्वानंद मला पोस्टला बांधताना गोलकीपरला म्हणाला, "तेज, या वर्षी यात एकही बॉल जायला नको."

म्हणजे मला विणायचं, ताणून बांधायचं आणि मग देवाला सांगायचं की याला उपाशी ठेव. माणसांचा हा हिशेब मला कधीच कळला नाही.

कारण होतं म्हणा. आदल्या वर्षी या टीमनं एकाच मॅचमध्ये अकरा गोल खाल्ले होते. प्रिन्सिपॉलसाहेबांनी सरांना केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं, "अजून एक वर्ष देतो. साखळीच्या पाच मॅचमधून पुढे गेलात तर टीम राहील. नाहीतर बंद. मैदान पार्किंगला घेऊ." आमच्या गटाच्या पाचही मॅच आमच्याच मैदानावर होत्या.

आता या पोरांची ओळख करून देतो. स्वानंद सेक्टरमधल्या फ्लॅटमध्ये राहणारा, वडील बँकेत, चष्मा रबरानं डोक्याला बांधून खेळणारा. बचावाच्या मधोमध उभा राहायचा आणि सतत ओरडायचा. गोलकीपर शिवतेज जाधव मूळचा साताऱ्याकडचा. वडील वाशीच्या मार्केटात पाठीवर गोणी वाहायचे. त्यांचेच रुंद पंजे पोराला मिळालेले. तो चिखलात असा झेपावायचा की पुढचा खेळाडू मारायचं विसरून त्याच्याकडेच बघत राहायचा.

पहिली मॅच शून्य-शून्य. दुसरी आम्ही एक-शून्यनं जिंकलो, आणि तो एक गोलही ऑफिसकडच्या जाळ्यात गेला. तिसरी पुन्हा शून्य-शून्य. माझा विश्वास बसेना. अकरा गोल खाणारी हीच का ती पोरं? स्वानंद एक पाऊल पुढे सरकला की बाकीचे तिघे दोरीनं बांधल्यासारखे सरकायचे. समोरचे स्ट्रायकर आधी हसायचे, मग चिडायचे, मग आपापसांत भांडायला लागायचे. कॉरिडॉरमधल्या फळ्यावर सरांनी तीन मोठी शून्यं काढली. मुली थांबून ती वाचायला लागल्या. मी मात्र उपाशीच.

तिसऱ्या मॅचनंतर गावातली एक म्हैस गवत खात माझ्या मागे आली. तिचं शिंग उजव्या पोस्टजवळ, अगदी खाली, माझ्यात अडकलं. तिनं मान झटकली आणि मी टरकन फाटलो. भोक पडलं चांगलं कलिंगडाएवढं.

दुसऱ्या दिवशी शिवराम सुई-दोरा घेऊन हजर. मला बरं वाटलं. तो पोस्टवरची गाठ सोडणार, तेवढ्यात स्वानंद पळत आला.

"काका, काका, थांबा. जाळ्याला हात लावू नका."

"आरं, फाटलंय तं. उतरवून देस तं अर्ध्या तासात शिवतो."

"नको ना काका, प्लीज. झिरो चाललाय आपला. जसं आहे तसं राहू दे. लीग संपली की काय करायचं ते करा."

हे मला नवीन होतं. स्वानंदनं पहिल्या मॅचपासून मोजे धुतले नव्हते, हे मी नाकानं जाणून होतो. सर रोज एकाच दगडावर बसायचे. पण फाटलेलं फाटलेलंच ठेवायचं? तेही जाळं? शिवराम माझ्याकडे बघत राहिला. करावेत असं कोणी बोललं असतं तर लोकांनी त्याला वेड्यात काढलं असतं.

"शिवतेज, तू तरी सांग याला," शिवराम म्हणाला.

"टेन्शन घेऊ नका काका," शिवतेज हसला. "माझ्या मागं जातंय कोण?"

शिवराम शिपाई, ती कॉलेजची पोरं. तो सुई-दोरा खिशात घालून निघून गेला. मला त्याचा राग आला. अजूनही थोडा आहे.

चौथी मॅच आम्ही एक-शून्यनं जिंकलो, गोल पुन्हा ऑफिसकडच्याच जाळ्यात. फळ्यावर चौथं शून्य. आता पाचव्या मॅचमध्ये नुसती बरोबरी झाली तरी टीम पुढे जाणार होती.

त्या दिवशी अख्खं कॉलेज मैदानाभोवती उभं होतं. रेफ्रीनं सुरुवातीला पोस्ट हलवून पाहिले, मला वरून एकदा ओढून पाहिलं. तो खाली वाकला नाही. खाली गवत वाढलं होतं.

दुसऱ्या हाफमध्ये आमची पोरं माझ्या बाजूला आली. शून्य-शून्य. घड्याळ पुढे सरकत होतं आणि स्वानंदचा घसा बसला होता. शेवटची आठ मिनिटं राहिली असताना समोरच्या टीमचा एक बुटका पोरगा डावीकडून घुसला आणि त्यानं बॉल जमिनीलगत खेचून मारला. शिवतेज झेपावला. त्याच्या बोटांना बॉल लागला, तरीही पुढे आला.

माझ्याकडे आला. आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काहीतरी आलं. कसं सांगू तुम्हाला? चार मॅच उपाशी राहिलेला मी, सगळ्या गाठी ताणून तयार झालो. आणि बॉल पोस्टच्या आतून, बरोबर त्या म्हशीनं पाडलेल्या भोकातून निघून मागच्या गवतात गेला. मी हललोसुद्धा नाही.

रेफ्री लांब होता. लाइन्समन नेमका चिखलात घसरून बसला होता. रेफ्रीनं पाहिलं तर बॉल जाळ्याच्या मागे आणि जाळं स्थिर. त्यानं हात करून कॉर्नर दिला.

समोरची पोरं धावून आली. ओरडाआरडा, ढकलाढकली. रेफ्री माझ्याजवळ आला आणि त्यानं शिवतेजला विचारलं, "कीपर, बॉल कुठून गेला?"

शिवतेज अजून चिखलातच होता. त्यानं माझ्याकडे पाहिलंच नाही. "बाहेरून गेला, सर."

मी हादरलो. चारही मॅचमध्ये या पोराला मी मागून बघत आलो होतो. अंगावर येणाऱ्या पायांना जो कधी घाबरला नाही, तो एका साध्या प्रश्नाला घाबरला. शिवराम मागेच उभा होता. त्याला सगळं दिसलं होतं. तो खिशातला सुई-दोरा चाचपत राहिला. नंदकुमार सर दगडावरून उठले आणि पुन्हा बसले. रेफ्री शिट्टी ओठांपाशी नेत वळला.

"सर, एक मिनिट," स्वानंद म्हणाला.

तो माझ्यापाशी आला, गवतात गुडघे टेकले आणि त्या भोकातून हात आरपार घातला. खांद्यापर्यंत.

"इथून गेला, सर. आतून. गोल आहे."

शिवतेज उठून बसला आणि त्यानं ग्लोव्हज काढून टाकले. "तुला कोणी विचारलं होतं का रे?"

"नाही," स्वानंद म्हणाला. "पण बॉल आत गेला होता, तेज."

एक-शून्य. उरलेल्या आठ मिनिटांत आमची पोरं जीव तोडून धावली. काही झालं नाही.

मला वाटलं होतं, खरं बोलणाऱ्याचं पुढे काहीतरी चांगलं होत असेल. सरांनी प्रिन्सिपॉलसाहेबांना सगळं सांगितलं. शिवराम चहा घेऊन केबिनमध्ये गेला होता, त्यानं ऐकलं. साहेब म्हणाले, "कौतुकाची गोष्ट आहे," आणि त्यांनी समोरच्या कागदावर सही केली. सोमवारी नोटीस लागली. फुटबॉल टीम बंद.

मला उतरवायला शिवराम आला तेव्हा स्वानंदही आला. बाकी कोणी नाही. दोघांनी मिळून माझ्या गाठी सोडल्या. मग स्वानंद म्हणाला, "काका, ते भोक शिवायला शिकवाल?"

"आता कशाला? खेलनार कोन हाय?"

"असू दे. दाखवा."

दुपारभर तो माझ्यावर वाकून बसला. त्याच्या गाठी शिवरामच्या गाठींसारख्या नाहीत. जाड आहेत, वाकड्या आहेत, एकीच्या जागी तीन-तीन आहेत. शिवरामनं त्या सोडून पुन्हा घातल्या नाहीत. स्वानंदचा चष्मा सारखा ओला होत होता आणि तो शर्टाला पुसत होता. शिवराम दुसरीकडे बघत होता.

आता मी करावेत शिवरामच्या परसात असतो. त्यानं मला भाजीच्या वाफ्यांवर अंथरलंय, कोंबड्या आत येऊ नयेत म्हणून. काम हलकं आहे, तक्रार नाही. तुम्हाला एकच सांगायचंय. तुमचं काही फार छान चाललं असेल, आणि म्हणून त्याला हात लावायची तुम्हाला भीती वाटत असेल, तर कृपा करून एकदा खाली वाकून बघा.

कोंबड्या रोज माझ्यात चोच घालून बघतात. कुठे दोरा विरलाय, कुठे गाठ सैल झालीय, त्यांना बरोबर सापडतं. फक्त उजव्या कोपऱ्यात त्यांचं काही चालत नाही. माझ्या अंगावरची सगळ्यात पक्की शिवण तीच आहे. एक मॅच उशिरा घातलेली.