वॉल्टरचं गोड पाणी

वॉल्टरने तीस वर्षं वाळवंटात तंबू ठोकले होते. पिकलेली दाढी, उन्हाने रापलेला चेहरा, डोक्यावर मळकी टोपी. फोटो पाहिला की कोणाचाही विश्वास बसावा. अमेरिकेतल्या एका आडबाजूच्या वाळवंटी डोंगरांच्या उद्यानाजवळ तंबू लावायला जागा कुठे मिळेल, असं कोणी इंटरनेटवर विचारलं की सगळ्यात वर वॉल्टरचं पान यायचं. अडचण एवढीच होती की वॉल्टर नावाचा माणूस नव्हता. फोटो विकत घेतलेला होता. वॉल्टर म्हणून लिहायची ती दीपमाला, वय अडतीस, मूळची वाशीमची, राहणार वाघोली. खराडीतल्या एका काचेच्या इमारतीत सातव्या मजल्यावर ती बसायची आणि लग्नाचा मांडव सोडला तर तंबू म्हणावं अशा कशातही तिने आजवर पाऊल ठेवलं नव्हतं.

काम सोपं होतं. क्लायंट, म्हणजे वेबसाइटचा मालक, जागांची यादी पाठवायचा. दीपमाला इकडचं तिकडचं वाचायची, नकाशा बघायची आणि दोन तासांत पान लिहून द्यायची. मग ते उल्काताईंकडे जायचं. उल्काताई म्हणजे शाळेतून निवृत्त झालेल्या इंग्रजीच्या बाई. सदाशिव पेठेतून रोज बस बदलून यायच्या, भाषा तपासायच्या आणि तपासताना असं काही पुटपुटायच्या की लिहिणाऱ्याने पुन्हा पहिलीत नाव घालावं. या दोघींच्या वर केयूर होता, टीम लीड, एकोणतीस वर्षांचा. त्याला पानावर काय लिहिलंय यापेक्षा पान कितव्या नंबरावर आहे यात रस होता. बिचाऱ्याला पगारच त्याचा मिळायचा.

मे महिन्यातल्या एका मंगळवारी वॉल्टरच्या पानाखाली एका माणसाची कमेंट आली.

‘वॉल्टर, शनिवारी मी माझ्या दोन मुलींना घेऊन निघतोय. एक सहा वर्षांची, एक नऊ. खिंडीखालच्या कॅम्पसाइटवर पिण्याचं पाणी मिळतं असं तुम्ही लिहिलंय, म्हणून गाडीत पाण्याचा एकच कॅन ठेवतोय. चार दिवस राहू. उन्हाळ्यातही पाणी असतं ना? तुमच्या भरवशावर येतोय.’

दीपमालाने ते दोनदा वाचलं. ती कॅम्पसाइट तिला आठवत होती. शेवटच्या दुकानापासून चाळीस मैल कच्चा रस्ता, पुढे सावलीला झाड नाही, मोबाइलला रेंज नाही. पण पाण्याचं तिला कोणी सांगितलं होतं? कोणीच नाही. एका जुन्या नकाशावर तिथे नळाची खूण होती, बस. त्या खुणेवरून तिने मागच्या वर्षी पाणी लिहून टाकलं होतं.

आणि नळ असला म्हणजे पाणी असतं असं तिने मानावं! वाघोलीच्या तिच्या सोसायटीत प्रत्येक फ्लॅटला नऊ नळ होते, चकचकीत, पाहुण्यांनी हात लावून बघावेत असे. बिल्डरच्या रंगीत माहितीपत्रकात चोवीस तास पाणी होतं. गेली चार वर्षं ती सकाळी सहाला उठून टँकरवाल्याला फोन करत होती. त्या माहितीपत्रकाला, ते लिहिणाऱ्याला आणि त्याच्या सात पिढ्यांना तिने जेवढं बोलून घेतलं होतं, तेवढं सगळं आता तिच्याच अंगावर येत होतं.

ती केयूरकडे गेली.

“अरे, टेन्शन काय घेतेस?” केयूरने तिच्यासमोरच शोधून दाखवलं. “हे बघ. अकरा साइट्सवर लिहिलंय पाणी आहे म्हणून. अकरा! कन्फर्म झालं ना? रिप्लाय टाक आणि नेक्स्ट पेज घे.”

अकरा म्हटल्यावर तिला जरा बरं वाटलं. जागेवर येऊन तिने ती अकरा पानं एकेक उघडून वाचली. पहिल्यावर लिहिलं होतं, ‘कूल, स्वीट वॉटर’. दुसऱ्यावर तेच. पाचव्यावर तेच. अकराव्यापर्यंत पोचेस्तोवर तिचे कान तापले होते. विहिरीचं पाणी खारट नसलं, तोंडाला लागलं, की गोड म्हणायचं ते आपल्याकडे. वाशीमला तिच्या मामाच्या मळ्यातल्या विहिरीचं पाणी तसं होतं, आणि तेच तिने इंग्रजीत करून वॉल्टरच्या दाढीआडून अमेरिकेला पाजलं होतं. अकराच्या अकरा जणांनी ते तिच्याकडून उचललं होतं. अकरा साक्षीदार म्हणजे ती एकटीच होती.

“उल्काताई, हे बघा ना.”

उल्काताईंनी चष्मा खाली ओढून वाचलं.

“हे माझ्या हाताखालून गेलं होतं,” त्या म्हणाल्या. “पाण्याला तिकडे कोण स्वीट म्हणतं? आणि मला खटकलंसुद्धा नाही. बत्तीस वर्षं इंग्रजी शिकवलं मी.”

“आता काय करायचं?”

“विचारायचं. तिथे राहणारं कोणीतरी असेलच की. आपण सोडून सगळे कुठेतरी राहतातच.”

संध्याकाळी पावणेआठला, तिथे नुकतीच सकाळ झालेली असताना, दीपमालाने ऑफिसच्या फोनवरून त्या कच्च्या रस्त्याच्या तोंडाशी असलेल्या पेट्रोल पंपाच्या दुकानात फोन लावला. उल्काताईंनी आपली बस सोडली आणि खुर्ची ओढून शेजारी बसल्या. फोन एका बाईने उचलला. तिचं इंग्रजी जाडंभरडं होतं, दीपमालाचं वाशीमकडून आलेलं होतं, पण पाण्यापुरतं दोघींचं जमलं.

“खिंडीखाली पाणी?” ती बाई म्हणाली. “नळ आहे. विहीर आटून चार वर्षं झाली. तुम्हीपण ते गोड पाणी शोधताय का?”

“म्हणजे?”

“महिन्याला एकतरी येतो, गोड पाणी कुठे आहे विचारत. आम्ही दुकानातून कॅन देतो. पण जे न विचारता पुढे जातात त्यांचं काय? मागच्या जूनमध्ये एका म्हाताऱ्या जोडप्याला माझ्या नवऱ्याने उचलून आणलं. आजी शुद्धीत नव्हत्या. वाचल्या, नशीब. कुठल्या शहाण्याने ते लिहिलंय, एकदा भेटला पाहिजे.”

फोन ठेवून देता आला असता. नाव नव्हतं, गाव नव्हतं, कोण विचारणार होतं?

“मीच लिहिलंय,” दीपमाला म्हणाली. “मी भारतातून बोलतेय. पुण्यातून. मी तिथे कधी आलेली नाही.”

पलीकडे दुकानाच्या दारावरची घंटा वाजली, कोणीतरी आत आलं, बाहेर गेलं.

“मग आता पुसून टाक, बाई,” ती म्हणाली, आणि तिने फोन ठेवला.

बुधवारी सकाळी दीपमालाने हे सगळं केयूरला सांगितलं. त्याचा चेहरा पडला, नाही असं नाही. पण लगेच त्याने तो सावरून घेतला.

“ओके. चेंज रिक्वेस्ट टाकू. क्लायंटचं अप्रूव्हल यायला दहा वर्किंग डेज.”

“तो माणूस शनिवारी निघतोय.”

“आपल्याला टॉप पेजला टच करायची परमिशन नाही, दीपमाला. आणि पाणी नाही असं लिहिलं तर पब्लिक पेजवर थांबेल का? मी ती कमेंट हाइड करतो. तू रिप्लाय देऊ नकोस. आपण काही बोललोच नाही तर आपल्यावर काही येत नाही.”

“मुलगी सहा वर्षांची आहे रे.”

“अगं, पण ती माझी आहे का?” केयूर म्हणाला. म्हणून झाल्यावर त्यालाही ते कसंतरीच वाटलं असावं, कारण तो घाईघाईने फोनमध्ये बघायला लागला.

दीपमालाचं डोकं फिरलं. ती रागाने आदळआपट करणारी बाई नव्हती. आठ महिन्यांपूर्वी पगारवाढ नाकारली तेव्हाही तिने ‘बरं’ म्हणून मान हलवली होती. आता मात्र तिला स्वतःचीच चीड आली, ‘बरं’ म्हणत काढलेल्या सगळ्या वर्षांची चीड आली. ती जागेवर आली, लॉगिन केलं आणि पानाच्या अगदी वर, वॉल्टरचा फोटो काढून टाकून, त्या जागी लिहिलं:

‘खिंडीखालच्या कॅम्पसाइटवर पाणी नाही. तिथली विहीर चार वर्षांपूर्वी आटली. पाणी आहे असं मी न तपासता लिहिलं होतं आणि बाकीच्यांनी ते माझ्याकडून घेतलं. माणशी रोज लागेल तेवढं पाणी सोबत न्या आणि निघण्यापूर्वी रस्त्याच्या तोंडावरच्या दुकानात विचारा. वॉल्टर नावाचं कोणी नाही. हे लिहिणारी मी, दीपमाला, पुणे, भारत.’

खाली दुकानाचा नंबर टाकला. ती कमेंट अजून लपवलेली नव्हती. तिच्याखालीही तेच उत्तर टाकलं. बटण दाबल्यावर तिने डबा उघडला आणि दोन्ही पोळ्या पोटभर खाल्ल्या.

गुरुवारी सकाळी त्या माणसाचं उत्तर आलेलं होतं. ‘कळलं. सात कॅन घेतोय. वॉल्टर नाही याचं वाईट वाटलं, पण तुमचे आभार.’ पान मात्र रातोरात जुनं झालं होतं. वॉल्टर दाढीसकट परत आला होता, आणि त्याचं गोड पाणीही. तो माणूस वाचला होता. त्याच्या मागून येणाऱ्यांसाठी सगळं होतं तसंच होतं.

दुपारी अडीचला केयूरने तिला बोलावलं. क्लायंट भडकला होता. केयूरने एक मेल लिहून तयार ठेवला होता, तिच्या नावाने. ‘माझ्याकडून चुकून पान बदललं गेलं. पुन्हा असं होणार नाही.’

“एवढं सेंड कर,” तो म्हणाला, आणि त्याच्या आवाजात खरोखरच विनवणी होती. “मी सांभाळून घेतो. नाहीतर सहा वाजता एचआर तुझं लॉगिन बंद करणार. माझ्या हातात नाहीये गं.”

दीपमालाने त्याचा लॅपटॉप आपल्याकडे वळवून घेतला. आधीचं सगळं खोडलं आणि इंग्रजीत लिहिलं, ‘चूक मागच्या वर्षी झाली होती. बुधवारी मी ती समजून उमजून दुरुस्त केली. तुम्ही तीच चूक पुन्हा केलीत. मी पुन्हा दुरुस्त करणार आहे.’ आणि केयूर हां हां म्हणेपर्यंत तिने तो पाठवून दिला.

“तुला कळतंय का तू काय केलंस?” केयूर उभाच राहिला. “वाघोलीचा हप्ता कोण भरणार?”

“ते मी बघीन. तू तुझं पान बघ.”

ती जागेवर आली. सहा वाजायला तीन तास वीस मिनिटं होती. खिंडीखालचं पान तिने पुन्हा खरं केलं. मग वॉल्टरच्या नावाने आजवर लिहिलेल्या पानांची यादी काढली. वाळवंटातल्या जागांचीच सदतीस निघाली. कुठे पाणी लिहिलेलं होतं, कुठे सावली, कुठे ‘सोपा रस्ता’. यातलं काय खरं आहे हे तिला ठाऊक नव्हतं, आणि ठाऊक नाही हेच आता लिहायचं होतं. ‘हे मी न तपासता लिहिलं आहे. भरवसा ठेवू नका, तिथल्या माणसांना विचारा.’ पहिलं पान झालं. दुसरं झालं. क्लायंटचे लोक ही सगळी पानं परत फिरवणार हे ती जाणून होती. फिरवू देत, आज वाचणाऱ्यांना तरी आज कळेल. तिसऱ्याला तिच्या लक्षात आलं, एकटीच्याने सहापर्यंत सगळी होणार नाहीत.

शेजारची खुर्ची कर्रकन सरकली. उल्काताई चष्मा पुसत होत्या.

“ताई, तुमचंही लॉगिन जाईल.”

“जाऊ दे. मी निवृत्त होऊन नऊ वर्षं झाली, अजून एकदा होते,” त्या म्हणाल्या. “खालची अठरा मला दे. आणि घाई कर, बोलतेस काय?”