बर्फावरून आधी उतरणारा

हॅवीने स्टिकने गोलाच्या दोन्ही खांबांवर टकटक केलं, हेल्मेट कपाळावर सरकवलं आणि बर्फावरून घसरत तो दाराकडे निघाला.

"दार उघड नॉर्म, भूक लागलीय," तो लांबूनच ओरडला.

मी दार उघडलं. उघडायला नको होतं.

आमच्याकडे एक रीत आहे. सामन्याच्या दिवशी सकाळी हलका सराव असतो. तो संपल्यावर दोघांपैकी जो गोलकीपर बर्फावरून आधी उतरतो, तो संध्याकाळी खेळणार. कुणी कागद लावत नाही, कुणी जाहीर करत नाही. दुसरा मागे थांबतो आणि संध्याकाळी ज्यांना खेळायचं नसतं अशा पोरांनी मारलेले रबरी चकतीचे फटके अंगावर घेत राहतो. वर्तमानपत्रवाले सकाळी येतात ते तेवढंच बघायला. त्या हंगामात हॅवी पंचावन्न वेळा आधी उतरला होता.

पोरांनी टाळ्या वाजवाव्यात तशा त्याच्यासाठी बर्फावर स्टिका आपटल्या. हॅवीचा एक पाय दाराबाहेरच्या रबरी चटईवर पडला, दुसरा अजून बर्फावर होता, तेवढ्यात शिट्टी वाजली.

"हॅवी, थांब जरा," कोच रॉस म्हणाला.

"काय झालं?"

रॉस त्याच्याकडे बघत नव्हता. हातातल्या फळीवर उगाच काहीतरी खरडत होता. "तू... तू थोडा थांब. पोरांना अजून फटके मारायचेत."

स्टिका थांबल्या. पलीकडच्या टोकाला एतू हौताला गोलासमोर उभा होता. एकवीस वर्षांचा फिनलंडचा मुलगा, दोनच दिवसांपूर्वी आमच्याकडे आलेला. आपण आता उतरायचं की नाही, हे न कळून त्याने मान खाली घातली होती. वर बाकांवर तिघे वार्ताहर बसले होते, त्यांतल्या एकाने फोन काढला.

हॅवी तसाच उभा राहिला, एक पाय आत, एक बाहेर. मग त्याने चटईवरचा पाय पुन्हा बर्फावर घेतला, सावकाश एतूपर्यंत गेला आणि म्हणाला, "जा पोरा. उभा राहून पाय गार पडतील तुझे."

एतू माझ्यासमोरून आत गेला. त्याच्या मागे मी दार लावलं.

मी नॉर्मन थिबोडो. लामी फॉल्सच्या आइस हॉकी संघाचं सामान सांभाळतो. स्केट्सना धार लावतो, शिवतो, धुतो, बांधतो. सत्तावीस वर्षं झाली. अमेरिकेतल्या मेन राज्यातलं आमचं गाव; कागदाची गिरणी बंद पडली, निम्मं गाव दुसरीकडे गेलं, पण हा संघ राहिला. राहिला म्हणजे आमचा राहिला असं नाही. आमच्यासारख्या छोट्या गावांतले संघ मोठ्या शहरांतल्या मोठ्या संघांना जोडलेले असतात. पोरं त्यांची, कोच त्यांनी नेमलेला. कच्ची पोरं इथे पिकवायची आणि पिकली की वर न्यायची. आम्ही तिकीट काढतो, ओरडतो, हरलो की जेवत नाही. त्यांच्या दृष्टीने आम्ही रोपवाटिका. एकतीस वर्षांत आम्ही कप जिंकला नव्हता, आणि त्याचं वरच्यांना काडीचं सोयरसुतक नव्हतं.

डेल हॅव्रिल्युक, म्हणजे आमचा हॅवी, पस्तिशीचा होता. कॅनडातल्या सस्कॅचवानच्या गव्हाच्या मुलखातला. चौदा वर्षं तो खालच्याच संघांतून खेळला, त्यातली शेवटची सहा आमच्याकडे. वरच्या संघाने त्याला अकरा वेळा बोलावून घेतलं. अकराही वेळा तो पूर्ण वेषात बाकावर बसला आणि परत आला. एक मिनिटही बर्फावर उतरला नाही. हे त्याचं शेवटचं वर्ष होतं. कंबर आणि गुडघे दोन्ही कुरकुरत होते आणि त्याने डोनाला, म्हणजे त्याच्या बायकोला, शब्द दिला होता. त्या वसंतात त्याने आम्हाला अंतिम फेरीत नेलं, एकट्याच्या जोरावर नेलं म्हटलं तरी चालेल. फेरी सात सामन्यांची; तीन आमचे, तीन समोरच्या संघाचे. सातवा, निकालाचा, रविवारी, आमच्या घरी.

आणि शुक्रवारी वरचा संघ त्यांच्या स्पर्धेतून बाद झाला. तिथे हिवाळाभर तिसरा गोलकीपर म्हणून नुसता बसून असलेला एतू शुक्रवारीच सामानासकट आमच्याकडे पाठवला गेला.

शनिवारी संध्याकाळी रॉस माझ्या खोलीत आला. मी धार लावत होतो. त्याने दार लोटून घेतलं तेव्हाच मला शंका आली.

"एतूच्या स्केट्सना धार लाव. उद्या तो खेळतोय."

मी यंत्र बंद केलं. "चेष्टा करतोस काय रॉस?"

"वरून फोन आला होता. नव्या पोरांच्या निवडीत पहिल्याच फेरीत उचललेला पोरगा आहे, त्याला सातव्या सामन्यात बघायचंय त्यांना. दबावाखाली कसा उभा राहतो ते."

"आणि कप?"

"मीही तेच विचारलं. म्हणाले, कप तुमच्या गावाचा, पोरगा आमचा." त्याने डोळे चोळले. "मलाही नोकरी आहे नॉर्म. दोन मुलं कॉलेजात आहेत."

"हॅवीला सांगितलंस?"

"आत्ता जाताना त्याच्या घरावरून जातो. तू तोंड उघडू नकोस, मी सांगतो."

रविवारी सकाळी हॅवी शीळ घालत आला तेव्हाच मला कळलं की रॉस गेलाच नव्हता. हॅवीने स्टिकला टेप लावली. माझ्या टकलावर टिचकी मारली. "म्हातारबा, आज कप उचलताना खांदा निखळेल हं तुझा." मला एक वाक्य बोलायचं होतं. एकच. तेवढ्यासाठी माझ्याकडे वीस मिनिटं होती, आणि मी मोज्यांच्या घड्या घालत राहिलो. सत्तावीस वर्षांत मी कुणाची दारू, कुणाची दुखणी, कुणाच्या बायकांचे फोन, सगळं पोटात ठेवलं. पोटात ठेवणारा म्हणून माझी ख्याती. तिची इतकी किळस मला कधी आली नव्हती.

हॅवी त्या सकाळी चाळीस मिनिटं बर्फावर राहिला. न खेळणाऱ्या पोरांनी मारलेला प्रत्येक फटका त्याने अडवला. पोरं शेवटी शेवटी मुद्दामच हळू मारायला लागली, तर तो ओरडला, "मारा ना नीट, हात मोडलेत का?"

नंतर तो घरी गेला नाही. दुपारी झोपायची त्याची चौदा वर्षांची सवय, पण तो माझ्या खोलीत येऊन मोज्यांच्या पेटीवर बसला.

"तुला माहीत होतं."

"हो."

"कधीपासून?"

"काल संध्याकाळपासून."

त्याने मान वर करून माझ्याकडे बघितलं. मला वाटलं काहीतरी फेकून मारील. मारलं असतं तर बरं झालं असतं.

"मी चौदा वर्षं बसतोच आहे नॉर्म. बसायचं मला नवीन नाही. कुणी नीट सांगितलं असतं की बाबा, आज तू नाहीस, तर मी शिव्या घातल्या असत्या आणि बसलो असतो. पण मी दाराशी गेलो रे. शाळेतल्या पोरासारखा. भूक लागलीय म्हणून ओरडत गेलो. सगळ्यांनी बघितलं."

"चुकलो मी."

"डोनाने वर्तमानपत्राच्या साइटवर वाचलं. मी सांगायच्या आधी. फोनवर नुसती रडली. तू तरी सांगायचंस. रॉस कोण माझा? तू तरी."

मी हातातल्या मोज्याची घडी मोडली आणि पुन्हा घातली.

पाच वाजता सामना सुरू झाला. सहा हजार माणसं. पहिल्या सत्रात एतूने दोन गोल खाल्ले. एक चांगला होता, एक नव्हता. दुसरा गोल झाला तसा वरच्या रांगांतून सूर निघाला, "हॅ-वी! हॅ-वी!" दोन मिनिटांत सगळा हॉल तेच ओरडायला लागला. हॅवी बाकाच्या टोकाला बसून, खेळाडू आत-बाहेर करतील तसं छोटं दार उघडत होता, लावत होता. बदली गोलकीपरचं तेवढंच काम. त्याने एकदाही वर बघितलं नाही.

दुसऱ्या सत्रात आम्ही एक गोल केला. पण लगेच लांबून आलेली एक सरळ चकती एतूच्या पायांमधून आत गेली. माझ्या नातवाने अडवली असती अशी. तीन-एक.

दुसऱ्या सत्रानंतरच्या मध्यंतरात एतू सरळ संडासात गेला. ओकल्याचा आवाज बाहेर येत होता. हॅवी मागच्या बोळात जमिनीवर दोन्ही पाय फाकवून पूर्ण खाली बसला होता, छाती जमिनीला टेकवून अंग मोकळं करत होता. मी त्याच्यासाठी पाणी घेऊन उभा होतो. रॉस धाडकन दार उघडून आला.

"हॅवी, हेल्मेट घाल. तू जातोयस."

"आणि वरचे?"

"खड्ड्यात गेले वरचे. उद्या काढतील मला, काढू देत. जा."

हॅवी उठून उभा राहिला. बाहेरून त्याचं नाव भिंतीतून ऐकू येत होतं. सहा हजार माणसं. त्याने डोळे मिटले आणि मी खरंच सांगतो, मला वाटलं तो रडणार.

"नाही जमणार," तो म्हणाला. "कंबर धरलीय."

"कधीपासून?"

"सकाळपासून. चाळीस मिनिटं फटके खाल्ले ना."

रॉसने त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मी पाण्याच्या बाटलीकडे बघत राहिलो. तो दार लोटून गेला.

"साफ खोटं," मी म्हणालो. "आत्ता तर जमिनीला छाती लावून बसला होतास."

"हळू बोल."

"अरे, तुझा कप आहे तो! शेवटचा आहे! आपण दोनच गोलांनी मागे आहोत!"

त्याने संडासाच्या दाराकडे मान केली. "मला काढलं होतं असंच. बावीस वर्षांचा होतो. सगळा हॉल दुसऱ्याचं नाव घेत होता. त्यानंतर तीन वर्षं मला गोलासमोर उभं राहिलं की तेच ऐकू यायचं. वरच्यांनी तेव्हाच माझ्या नावावर काट मारली." तो थांबला. "आणि रॉसने सकाळी मला परत बोलावलं ना, त्याचंही आहे. खोटं कशाला बोलू. तेही आहे."

त्या दोन्हींत मोठं काय होतं, मला आजही ठरवता येत नाही. त्यालाही आलं असतं असं वाटत नाही.

एतू तोंड धुऊन बाहेर आला. ओठ निळे पडले होते. हॅवीने त्याची मान धरली.

"ऐक. ते माझं नाव घेतायत, तुला शिव्या देत नाहीयेत. सहा वर्षांची सवय आहे त्यांना. कळलं?"

"तुम्ही जा ना. प्लीज. मला नको," एतू म्हणाला.

"माझी कंबर धरलीय. तुझ्याशिवाय कुणी नाही. तू फार पुढे येतोयस, दीड हात मागे उभा राहा. आणि चकती येईपर्यंत गुडघे टेकू नकोस. बस, एवढंच."

तिसऱ्या, शेवटच्या सत्रात त्या पोराने एकोणीस फटके अडवले. तीन तर असे, की मी सत्तावीस वर्षांत बघितले नव्हते. हळूहळू हॅवीचं नाव घेणं थांबलं. शेवटची पाच मिनिटं लोक एतूचं नाव घ्यायला लागले, चुकीच्या उच्चाराने, पण घेत होते. आम्ही आणखी एक गोल केला. तीन-दोन. मग भोंगा वाजला, आणि दुसऱ्या गावाची पोरं आमच्या बर्फावर कप घेऊन फिरली.

हस्तांदोलनाच्या रांगेत हॅवी सगळ्यात शेवटी होता. घरी जाणाऱ्या लोकांनी रॉसला शिव्या घातल्या. हॅवीला का उतरवलं नाही म्हणून गाव अजून घालतं. रॉसने कधी खुलासा केला नाही, मीही केला नाही.

कपडे बदलायच्या खोलीत एतू स्वतःच्या जागेवर बसून समोर बघत होता, हातमोजेसुद्धा काढले नव्हते. बाजूच्या कचेरीत रॉसचा फोन वाजला. दार उघडं होतं. वरच्या संघातला कुणीतरी मोठ्याने, आनंदाने बोलत होता. "तिसरं सत्र! हेच बघायचं होतं आम्हाला! पोरगा तयार आहे!" रॉस "हो, हो" करत होता.

हॅवीने ते ऐकलं. तो एतूसमोर गुडघ्यांवर बसला आणि त्याच्या पायांच्या पॅडचे पट्टे एकेक करून सोडायला लागला. एतू रडायला लागला. हॅवी शेवटचा पट्टा सुटेपर्यंत खाली मान घालून काम करत राहिला. मग उठला, अंघोळही न करता कपडे बदलले. बाहेर डोना गाडीत थांबली होती. अजून उजेड होता, जूनमध्ये आमच्याकडे उशिरापर्यंत असतो.

जाताना तो माझ्यापाशी थांबला. मला वाटलं हात मिळवील.

"सामान उद्या नेतो," तो म्हणाला आणि गेला.

सगळे गेल्यावर मी सामान वाळत घालायला घेतलं. सामन्यानंतर सगळ्यांचं सामान घामाने भिजून जड झालेलं असतं, गोलकीपरचं सगळ्यांत जास्त. एतूचं छातीचं कवच मला दोन्ही हातांनी उचलावं लागलं, त्यातून थेंब गळत होते. मग हॅवीचं उचललं. सकाळचा घाम कधीच सुकून गेला होता आणि ते इतकं हलकं होतं की माझे हात एकदम वर गेले.

वाळत घालण्यासारखं त्यात काही नव्हतं. तरी मी एकेक वस्तू उलटी करून त्याच्या नावाच्या हुकावर नीट टांगली आणि पंखा तिकडे वळवला.