शर्वरी मॅडमचा जोर

माघातल्या सकाळी कोवळं ऊन खिडकीतून झिरपायचं आणि त्या सोनेरी पट्ट्यात शर्वरी मॅडम कोपरापर्यंत हात धुवत उभ्या असायच्या. संथ धारेखाली त्यांची निमुळती बोटं वीणावादिनीची वाटत. त्या हाडांच्या सर्जन. पण नेरूळच्या आमच्या रुग्णालयात सात वर्षं त्या बोटांच्या वाट्याला बहुतेक प्लास्टरच आली. खुबे आणि गुडघे पुरुष सर्जनांसाठी राखीव! "मॅडम, हातोडा चालवायला जोर लागतो," असं प्रमुख सर वात्सल्याने म्हणत, आणि मॅडम शरदातल्या आकाशासारख्या निरभ्र हसत. त्या हास्यामागचं मळभ मी, त्यांची थिएटरमधली सिस्टर, रोज पाहत होते.

एकदा जवळच्या सारसोळे कोळीवाड्यातले हिरामण काका होडीतून उतरताना घसरले आणि खुबा मोडून आले. मॅडम समोर उभ्या असताना काकांनी स्ट्रेचर ढकलणाऱ्या मिशाळ मामांना हात जोडले. "डाक्टर, पाय वाचवा!"

मामा लाजले. मॅडम म्हणाल्या, "काका, डॉक्टर मी आहे."

"तू? पोरी, हाड बसवाला जोर लागतो!"

तेवढ्यात सोबत आलेल्या त्यांच्या बायको, काकू कडाडल्या, "तीस वरसां म्हावऱ्याची पाटी मी डोक्यावर वाहते, तवा नाय इचारलं बाईला जोर हाय का!"

काका भिंतीकडे बघू लागले.

ऑपरेशन अर्थातच प्रमुख सर करणार होते. त्या सकाळी ते थिएटरच्या चपला घालायला वाकले आणि तसेच राहिले. कंबरेत उसण भरली. त्याच काटकोनातून, फरशीकडे पाहत ते क्षीण स्वरात म्हणाले, "मॅडम... तुम्ही कराल?"

मॅडमनी केलं. हातोड्याचा प्रत्येक ठोका नेमका आणि शांत, जणू फार दिवस मनात म्हटलेलं गाणं अखेर कंठातून उमटत होतं.

तिसऱ्या दिवशी काका वॉकर धरून उभे राहिले. पट्टा बांधलेल्या सरांनी विचारपूस केली, तेव्हा म्हणाले, "एकदम बेस्ट! तुमची कंबर पन बाईंनाच दाखवा."

अख्खा वॉर्ड हसला. सर नाइलाजाने हसले. पुढच्या आठवड्यात त्यांनी स्वतःच्या हाताने ऑपरेशनच्या फळ्यावर एका गुडघ्यासमोर मॅडमचं नाव लिहिलं. ते वाचताना मॅडम पहिल्यांदाच हसल्या नाहीत. नुसतेच डोळे भरून आले.

आता त्या दुसऱ्या शहरात विभागप्रमुख आहेत. माणूस दूर गेला तर आठवण त्याला भेटून येते. पण मॅडमच्या त्या सात वर्षांसारखी जी वर्षं माणसाला कुणी जगूच दिली नाहीत, त्यांच्यापर्यंत जायला आठवणीलाही वाट नसते.