घोट्यावरचा डाग

लाकडाला पॉलिश करणाऱ्याच्या अंगावर डाग असायचेच. बोटांवर, कोपरांवर, खाली बसून काम करायची सवय म्हणून घोट्यांवरही. बायको होती तोवर संध्याकाळी ती त्याला दाराशी बसवायची, चिंधी स्पिरिटात बुडवायची आणि एकेक डाग पुसायची. "लग्न तुमच्याशी लावलं की कपाटाशी, तेच कळेना झालंय," म्हणायची.

ती गेली आणि त्याने पुसणंच सोडलं. जुने डाग आपसूक जायचे, नवे यायचे. एक मात्र राहिला, डाव्या घोट्याच्या जरा वर. तिच्या शेवटच्या आठवड्यात तो एका पाळण्याला गडद पॉलिश करत होता. त्याचाच हा डाग, असं त्याने मनाशी धरलं. आंघोळीत तिथे साबण लावायचा नाही. दुपारी काम करता करता डोळा लागला, की तो डाग पाण्यात शाई सांडल्यासारखा पसरत जायचा. मग त्या काळ्या पाण्यातून ती सावकाश चालत यायची, हातात चिंधी घेऊन. जाग आली तरी बराच वेळ बरं वाटायचं.

भीती वाटायची ती पाठीवरच्या मसाची. काळा, खरबरीत, सदऱ्याला अडकणारा. थोरली बहीण राहायला आली, तिने तो पाहिला आणि तिचा धीरच सुटला.

"हे काय वाढवून ठेवलंस रे? ऊठ, डॉक्टरकडे चल."

"अक्का, व्हायचं ते होईल."

"होईल तुला, निस्तरायचं मला!"

दवाखान्यात स्पिरिटचा वास होता. त्या वासाने त्याचे डोळे जड झाले. डॉक्टरीणबाईंनी भिंगातून पाठ न्याहाळली. त्यांचा आवाज त्याला शेजारच्या घरातून आल्यासारखा वाटत होता.

"हा मस साधा आहे. मेणाचा थेंब वरून चिकटवल्यासारखा दिसतो, सगळीकडे सारखाच. वयाबरोबर येतात असे. टोचत असेल तर काढू, नाहीतर राहू दे."

अक्का हुश्श करून खुर्चीत बसली. तो चपला घालायला वाकला.

"थांबा. घोट्यावर काय आहे?"

"पॉलिश आहे, बाई. माझा धंदाच तो."

त्यांनी कापूस स्पिरिटात भिजवून डागावर घासला. गार लागलं. त्याने डोळे मिटले, आणि क्षणभर ती समोर बसली होती. डोळे उघडले तर कापूस पांढराच.

भिंगाखालचा डाग टेबलावरच्या पडद्यावर मोठा होऊन आला. एका बाजूला तपकिरी, दुसऱ्या बाजूला काळा, मध्ये निळसर धुकं, आणि काठ कुरतडल्यासारखा.

"दोन्ही बाजू जुळत नाहीत, रंगही एक नाही. वाढतोय का हा?"

"स्वप्नात वाढतो," तो म्हणाला. मग पायाकडे नीट बघून म्हणाला, "पूर्वी टिकलीएवढा होता."

"पॉलिशचा डाग इतका टिकत नाही. कातडी झडते, तिच्याबरोबर तोही जातो. हा आतून आलाय. कॅन्सर असू शकतो. काढून तपासायला हवा."

त्याने डागावर तळवा ठेवला. "मस काढा हवा तर. हा नको. हा तिच्या वेळचा आहे."

अक्का उठून आली.

"तिच्या वेळचा? अरे, तिने एक संध्याकाळ तरी राहू दिला असता का तो?"

मग त्याने हात उचलला.

डाग काढला. रिपोर्ट आला तो कॅन्सरचाच, पण वरच्यावरचा, खोल न गेलेला. कडेची आणखी थोडी कातडी काढली, तीही तपासली. तिथे काही नव्हतं. अधूनमधून सगळं अंग कुणाकडून तरी बघून घ्या, असं बाईंनी बजावलं.

टाके निघाले त्या सकाळी तो सदरा काढून अक्कासमोर उभा राहिला, लाजत.

"पाठ बघतेस का जरा? मला दिसत नाही."

"आधी माझा चष्मा आण," अक्का म्हणाली. "आणि खिडकीशी बस, उजेडात."